वंशाचा दिवा नको म्हणणारा बॅक्टेरिया

मागच्या अंकात पावसाळी फुलपाखरांवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की रानातल्या बऱ्याच फुलपाखरांच्या अंगात असे बॅक्टेरिया राहतात जे त्यांच्या पिल्लांत नर किती आणि माद्या किती हेसुद्धा ठरवतात. बस्, त्या एका वाक्यावर इतके मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलून यावेळी फक्त त्याबद्दलच लिहितेय. कुंडीतल्या मिरचीवाल्यांनो, रागावू नका.

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी दिवसभर अंगणात फुलपाखरं पकडत असते. तुमचा लेख वाचल्यापासून सासूबाई तिला हात लावू देत नाहीत. बॅक्टेरिया असतात म्हणतात, आणि पंखावरची पावडर डोळ्यात गेली तर आंधळेपणा येतो असंही. खरं आहे का? (एक आई, कोरेगाव)

आंधळेपणाचं मीही लहानपणी आजीकडून ऐकलंय, पण तसं काही नसतं. ती पावडर म्हणजे पंखावरचे बारीक खवले, कौलांसारखे एकावर एक बसवलेले, आणि ते झिंग्याच्या सालीत जे कायटिन असतं त्याचेच बनलेले असतात. डोळ्यात गेले तर चुरचुरेल, पाणी मारायचं, संपलं. आणि मी ज्या बॅक्टेरियाबद्दल लिहिलं होतं तो किड्यांच्या पेशींत राहतो, माणसात नाही. बाकी फुलपाखरं फक्त फुलांवर बसतात असा आपला एक गोड गैरसमज आहे, ती मीठ शोषायला ओल्या चिखलावर, शेणावर, गुरांच्या मुतावरसुद्धा थव्याने बसतात, तेव्हा पायाला काय काय लागत असेल विचार करा. हात धुवायला लावा आणि खेळू द्या. मला त्या पोरीपेक्षा फुलपाखराची काळजी जास्त वाटते, कारण एकदा गेलेले खवले परत येत नाहीत.

प्रश्न : आमच्या सोसायटीमागच्या पडीक प्लॉटवर चिकण्याच्या झुडपांवर ग्रेट एगफ्लायचे सुरवंट मिळाले, काळे, नारिंगी डोक्याचे, काटेवाले. घरी आणून वाढवले. नऊ फुलपाखरं निघाली आणि नऊच्या नऊ माद्या! हा तुमच्या बॅक्टेरियाचा प्रताप समजायचा का? (चिंचवड)

तुमचा मेल वाचून मी खुर्चीतून उठलेच होते, मग परत बसले. आधी दोन-तीन गोष्टी तपासू. माद्याच आहेत हे कशावरून? या जातीत ते सोपं आहे म्हणा, नर काळाभोर आणि पंखांवर पांढरे ठसठशीत ठिपके, त्यांच्या कडेला उन्हात जांभळट-निळी झाक मारते, आणि मादी तपकिरी, पंखांच्या कडेने पांढऱ्या टिकल्या, कॉमन क्रो नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची नक्कल करणारी. दुसरं म्हणजे नऊ हा आकडा. नऊ वेळा नाणं उडवून नऊही वेळा छापा पडायची शक्यता ५१२ मध्ये एक, म्हणजे दुर्मिळ आहे पण पुण्या-मुंबईत सुरवंट पाळणारे इतके झालेत की कुणाच्या तरी डब्यात हे व्हायचंच. आणि तिसरं, तुम्ही मोठे सुरवंट आणलेत, अंडी नाही. बऱ्याच जातींत नर माद्यांच्या आधी बाहेर पडतात, म्हणजे तुम्ही पोचायच्या आधीच भाऊ कोषात गेले किंवा उडून गेले असतील तर तुमच्या वाट्याला उरलेल्या बहिणीच येणार ना.

पण तुम्ही जात मात्र नेमकी तीच निवडलीत ज्यात हे प्रकरण जगात सगळ्यात गाजलंय, म्हणून आता जरा सविस्तर.

ही गोष्ट तशी जुनी आहे. १९२० च्या दशकात फिजी आणि सामोआ या पॅसिफिकमधल्या बेटांवर याच फुलपाखराच्या काही माद्यांची अंडी वाढवून पाहिली तर त्यातून फक्त माद्या निघत. त्या माद्यांच्या मुलींनाही मुलीच. कारण कुणाला कळेना. पुढे सिरिल क्लार्क नावाच्या लिव्हरपूलच्या डॉक्टरने यावर काम केलं, आणि हे गृहस्थ कोण माहितीये? आरएच निगेटिव्ह आईला बाळंतपणानंतर जे अँटी-डी इंजेक्शन देतात ना, ते ज्या टीमच्या कामातून आलं त्या टीमचे हे प्रमुख, आणि फुलपाखरांच्या आनुवंशिकतेचा छंद होता म्हणूनच त्यांचं लक्ष रक्तगटांकडे वळलं. कुणी म्हणालं ना की फुलपाखरं पाळून काय मिळतं, तर त्याला हे सांगायचं.

तर कारण निघालं वोल्बाकिया. हा बॅक्टेरिया १९२४ साली हर्टिग आणि वोल्बाक या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांना डासात सापडला आणि १९३६ मध्ये त्याचं नाव पडलं. तो पेशीच्या आत राहतो, बाहेर त्याला जगता येत नाही, आणि एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जायचा त्याचा नेहमीचा रस्ता एकच, आईच्या अंड्यातून. शुक्राणू इतका छोटा की त्यात त्याला जागाच नाही. आता त्याच्या बाजूने विचार करून बघा. मुलीच्या अंगात असाल तर पुढे जाल, मुलाच्या अंगात असाल तर तो मुलगा मेला की तुमचा वंश तिथेच खुंटला. आपल्याकडे वंशाच्या दिव्यासाठी काय काय केलं जातं ते सगळ्यांना माहितीये, इथे बरोबर उलटं, वोल्बाकियाला पणतीच हवी, दिवा त्याच्या काही कामाचा नाही. म्हणून या फुलपाखरात तो काय करतो, तर मुलगे अंड्यातच मारून टाकतो. मारल्याने त्याचं काय जातं? काहीच नाही, ते तसेही वाया जाणार होते. उलट भाऊ नाहीत म्हणजे त्याच झुडपावर बहिणींना वाटेकरी कमी. लेडीबर्ड किड्यांमध्ये तर अंड्यातून बाहेर आलेल्या बहिणी मेलेल्या भावांची अंडी खाऊनच पहिलं पोट भरतात.

सामोआत हे इतकं टोकाला गेलं की २००१ मध्ये तिथल्या उपोलू आणि सवाई या बेटांवर शंभर माद्यांमागे जेमतेम एक नर उरला होता. शंभरात एक! मला आधी वाटलं असं झाल्यावर जात संपेलच, पण नाही, एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो. किती पुरतो यावरही काम झालंय, आणि ते वाचताना मला हसू आवरेना. फुलपाखराचा नर मादीला शुक्राणूंचं एक पुडकं देतो आणि त्याची खूण मादीच्या पोटात राहते, म्हणजे पोट उघडून मोजलं की बाईसाहेबांचा कितींशी संबंध आला ते कळतं. तर आग्नेय आशियापासून पॅसिफिकपर्यंतच्या वेगवेगळ्या बेटांवर मोजल्यावर दिसलं की नर कमी होत गेले तसे ते थकायला लागले, पुडकी लहान झाली, मग एका पुडक्याने भागेना म्हणून माद्या आणखी नरांच्या मागे, मग नर आणखी थकले. युगांडात अक्रिया नावाच्या फुलपाखरांतही नर असेच मारले जातात, आणि तिथे माद्या टेकड्यांच्या माथ्यावर घोळका करून नराची वाट बघत घिरट्या घालत बसतात. एरवी अशी जागा धरून वाट बघायचं काम नर करतात हो.

आणि मग सामोआत जे झालं ते मला या सगळ्यात सगळ्यात भारी वाटतं. २००५-०६ मध्ये परत जाऊन बघतात तर नर जवळजवळ माद्यांच्या बरोबरीने! चार-पाच वर्षांत, म्हणजे फुलपाखराच्या साधारण दहा पिढ्यांत. पहिली शंका अर्थात अशी येणार की बॅक्टेरिया गेला असेल. पण बॅक्टेरिया तिथेच होता, त्या जिवंत नरांच्या अंगातसुद्धा. बदललं होतं ते फुलपाखरू. त्याच्यात असा एक जीन पसरला होता जो बॅक्टेरियाला मुलगे मारू देत नाही. असाच प्रतिकार आग्नेय आशियातल्या त्याच जातीत आधीपासून होता. २००७ मध्ये हे छापून आलं तेव्हा उत्क्रांती डोळ्यांदेखत होताना दिसली म्हणून खूप चर्चा झाली, आणि ते खरंच आहे, कारण विचार करा, जिथे शंभर माद्यांमागे एकच नर आहे तिथे ज्या कुणाचे मुलगे जगतील त्या मुलांना किती माद्या मिळणार. तो जीन वणव्यासारखा पसरणारच होता.

त्यावर बॅक्टेरिया गप्प बसला का? नाही. मुलगे जगायला लागल्यावर त्याची दुसरी खोड उघडी पडली. वोल्बाकिया असलेला नर आणि नसलेली मादी अशी जोडी जमली तर त्यांची अंडी मरतात, आणि मादीच्या अंगात तोच वोल्बाकिया असेल तर जगतात. म्हणजे मुलगा जगवताय ना, ठीक, मग त्याच्याकडूनच ज्यांच्या अंगात मी नाही त्या माद्यांचा निर्वंश करतो. कोर्टकचेरी करणाऱ्या भाऊबंदांना शोभेल असं डोकं आहे, आणि मेंदू तर सोडाच, हा बॅक्टेरिया मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा.

तर तुमच्या नऊ मुलींचं काय? पुढच्या वेळी सुरवंट नको, अंडी आणा. मादी चिकण्यावर अंडं घालताना दिसली तर तेवढं पान खुडायचं, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात टिश्यू पेपर किंचित ओला करून ठेवायचं, आणि एकेका अंड्याला नंबर द्यायचा. साधी भिंगाची काच पुरते. अंडं फिकट हिरवं, काचेच्या मण्यासारखं, उभ्या रेघांचं असतं, चार-पाच दिवसांत फुटतं आणि मागे पारदर्शक रिकामं टरफल राहतं. जवळजवळ सगळी फुटली आणि तरी माद्याच निघाल्या तर ते योगायोगाचं किंवा आणखी कशाचं काम. पण एकाच मादीच्या अंड्यांपैकी निम्मी फुटलीच नाहीत, तशीच काळपट पडून सुकली, आणि फुटलेल्यांतून फक्त माद्या आल्या, तर मला लगेच कळवा, मी माझ्या खर्चाने चिंचवडला येते.

प्रश्न : हे सगळं पॅसिफिकमधलं झालं. आपल्याकडच्या फुलपाखरांत हा वोल्बाकिया असतो का, की उगाच घाबरवताय? (कोल्हापूर)

घाबरवत नाहीये, पण हो, असतो. आणि हे काम पुण्याचंच आहे याचा मला जरा जास्तच अभिमान आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या आणि इतर संशोधकांनी पश्चिम घाटातल्या ५६ जातींची फुलपाखरं तपासली, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि त्यातल्या २९ जातींत वोल्बाकिया मिळाला, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यातल्या २७ जाती अशा की त्यांच्यात तो असल्याची आधी जगात कुठेच नोंद नव्हती. स्वॅलोटेलच्या कुळात, म्हणजे आपल्या कढीपत्त्यावर आणि लिंबावर येणाऱ्या मंडळींचं जे कुळ, त्यातही तो पहिल्यांदाच दिसला. आणि एकच वोल्बाकिया सगळीकडे असं नाही, त्याचे पंधरा वेगवेगळे प्रकार निघाले, पैकी तेरा अगदी नवे. गंमत म्हणजे एकमेकांशी नातं नसलेल्या दोन फुलपाखरांत अगदी जवळचे प्रकार, आणि उलट एकाच जातीच्या फुलपाखरांत वेगळेच प्रकार, असंही दिसलं, म्हणजे आईकडूनच येतो असं मी वर म्हटलं तरी कधीमधी तो या जातीतून त्या जातीत उडी मारत असणार.

आता २९ जातींत सापडला म्हणजे २९ जातींत मुलगे मरतात असं मात्र समजू नका, बऱ्याच ठिकाणी तो काही न करता नुसता राहतो. भाडेकरू प्रत्येक जण काही घर बळकावत नाही.

प्रश्न : बॅक्टेरियामुळे नर फुलपाखराची मादी होते असं यूट्यूबवर पाहिलं. हे जरा अतीच नाही का? (बारावी सायन्स, रत्नागिरी)

अती वाटतं, पण त्यात तथ्य आहे, आणि फुलपाखरूही तुझ्या ओळखीचंच आहे. पावसाळ्यात टाकळ्यावर ती जी लिंबाएवढी पिवळीधमक फुलपाखरं असतात, कॉमन ग्रास यलो, त्यांच्या अगदी जवळच्या भाऊबंदांवर जपानमध्ये काम झालंय. आता बारावीला आहेस तर हे लक्षात घे की फुलपाखरात आपल्या उलट असतं, माणसात मुलगा की मुलगी हे बापाच्या एक्स-वाय गुणसूत्रांवर ठरतं, इथे आईच्या झेड-डब्ल्यूवर. दोन झेड असले की नर. जपानमधल्या काही माद्यांना फक्त मुलीच होत होत्या आणि त्यांच्यात वोल्बाकियाचे दोन प्रकार होते. अशा मादीला टेट्रासायक्लिन दिलं, म्हणजे आपण अँटिबायोटिक घेतो तेच, तर तिला सगळे मुलगे झाले! आणि सुरवंटांच्या खाण्यात ते मिसळलं तर अर्धवट प्रकार निघाले, नर ना मादी, म्हणजे बॅक्टेरियाला आपलं काम सुरवंट वाढत असतानाही चालूच ठेवावं लागतं, मध्येच त्याला मारलं की गाडी अर्ध्या रस्त्यात बंद.

आधी सगळ्यांना वाटायचं की दोन झेडवाल्या पक्क्या नराचीच मादी केली जाते. २०१७ मध्ये मात्र दिसलं की या माद्यांकडे डब्ल्यू नसतोच, एकच झेड असतो, तोही बापाचा. आईचा झेड पुढे जातच नाही. म्हणजे तुझ्या यूट्यूबवाल्याचं बरोबर आहे पण अर्धंच. परीक्षेत हे लिहू नकोस, मार्क जातील.

प्रश्न : लिंबावरचे सुरवंट पाळते. अधूनमधून एखादा काळा पडतो, लोंबकळतो आणि आतून पाणी होऊन फुटतो. हे बॅक्टेरियाच ना? एका मैत्रिणीने सांगितलं पानांना पातळ ताक लावून दे, चांगले बॅक्टेरिया वाढतील. (नाशिक)

ताक तुम्ही प्या ताई, सुरवंटाला नको!

तुम्ही सांगताय तसा लोंबकळून पाणी झालेला सुरवंट बहुतेक वेळा व्हायरसचा असतो, आणि ते पाणी ज्या पानावर पडेल ते पान दुसऱ्याने खाल्लं की तोही गेला. डबा साबणाने धुवा, वाळवा, गर्दी करू नका, पानं पुसून कोरडी घाला, रोजच्या रोज लेंड्या काढा. माझ्याकडे एका जूनमध्ये एकाच डब्यात चौदा ठेवले होते कारण डबे संपले, चार दिवसांत अकरा गेले. तेव्हापासून एका डब्यात तीनच.

ताकाचं म्हणाल तर माणसाच्या आतड्यात जशी बॅक्टेरियांची वस्ती असते तशी गाईला असते, वाळवीला असते, म्हणून सुरवंटालाही असणारच असं सगळे धरून चालायचे. २०१७ मध्ये रानातल्या १२४ जातींच्या सुरवंटांची आतडी तपासली तर बॅक्टेरिया अगदीच थोडे, आणि जे होते ते बहुतेक खाल्लेल्या पानावरचे, येणारे-जाणारे. एका जातीच्या सुरवंटांना अँटिबायोटिक देऊन उरलेसुरलेही मारले तरी त्यांच्या वाढीत फरक पडला नाही. सुरवंटाच्या आतड्यातला रस चुन्याच्या निवळीसारखा अल्कलाइन असतो आणि खाल्लेलं भराभर पुढे जातं, तिथे कोण टिकणार?

हाच अल्कलाइन रस एका बॅक्टेरियाच्या मात्र पथ्यावर पडतो, बीटी. हो, कापसातला बीटी तोच, त्याचं प्रोटीन त्या रसात विरघळतं आणि आतडं फाडतं. शेजारच्या गच्चीवर कुणी बीटीचा स्प्रे मारत असेल तर त्या झाडाची पानं आणू नका, ऑर्गॅनिक असला तरी तो तुमचा सुरवंट आणि कोबीवरची अळी यांत भेद करत नाही.

प्रश्न : डेंग्यूसाठी जे डास सोडतात त्यात हाच वोल्बाकिया का? (नागपूर)

हाच. डेंग्यूच्या एडिस इजिप्ती डासात तो मुळात नसतो, बाहेरून घालतात, आणि तो असला की डासात डेंग्यूचा व्हायरस नीट वाढत नाही. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात असे डास सोडून पाहिले तर डेंग्यूचं प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी भरलं, २०२१ मध्ये ते छापून आलं. वर फुलपाखरात सांगितलेली, वोल्बाकिया नसलेल्या मादीची अंडी मारायची खोड इथे उपयोगी पडते, त्यामुळेच तो डासांच्या वस्तीत आपोआप पसरतो. आणि विदर्भातून विचारताय म्हणून सांगते, हत्तीपायाच्या जंतातही वोल्बाकिया असतो, तिथे तर जंताचं त्याच्याशिवाय चालतच नाही, म्हणून डॉक्सिसायक्लिनने बॅक्टेरिया मारला की जंत वांझ होतो आणि हळूहळू मरतो.

प्रश्न : कोषातून फुलपाखरू बाहेर आलं आणि खाली लाल थेंब पडले. रक्त की इन्फेक्शन? (डोंबिवली)

दोन्ही नाही. बाळ जन्मल्यावर पहिली काळी शी करतं ना, तसंच हे. सुरवंटपणी खाल्लेल्याचा आणि कोषात मोडलेल्या जुन्या शरीराचा उरलेला कचरा फुलपाखरू पंख वाळता वाळता बाहेर टाकतं. जुन्या आतड्यातले बॅक्टेरियाही बरेचसे त्यातच जातात, वोल्बाकिया मात्र नाही, कारण तो आतड्यात नसतोच, पेशीत असतो, तो आत बसून राहतो आणि मादी असेल तर अंड्यांची वाट बघतो. खाली जुना पेपर घालून ठेवा, पांढऱ्या पडद्यावरचा तो डाग काही केल्या जात नाही, माझ्या बैठकीतल्या पडद्यावर तो तीन वर्षं आहे.